न सांगितलेला निरोप

कागदावर तिचं नाव काही का असेना, कारखान्यात तिला सगळे 'घाई' म्हणत. जिना चढायची घाई, डबा संपवायची घाई, दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचीही घाई. ती शर्टाच्या कारखान्यात आली तेव्हा वयात आलेलीसुद्धा नव्हती. काम होतं शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे तोडायचं. तिथून ती बटणांवर गेली, बटणांवरून कॉलरवर, आणि पुढे कॉलरच्या सगळ्या ओळीवर देखरेख करायला लागली. हे आपसूक झालं नाही. बाकीच्या बाया चहाला उठायच्या तेव्हा ही मशीनवर बसून राहायची. एकदा अंगात ताप असताना आली, तर मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावून घरी पिटाळलं होतं.

मोठ्या बाई म्हणजे कटिंगच्या मुख्य. कापडाचे थर लांबलचक टेबलावर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या कटरने ते सगळे एकदम कापायचे. महागाचं कापड आलं की बाई ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत. कटिंगच्या टोकाला काचेची एक खोली होती, आत टेबल, फोन आणि पाठ टेकायला खुर्ची. घाईला शिकवलं बाईंनीच. कापडाची उभी-आडवी वीण बोटांनी ओळखायला शिकवली, मालकासमोर कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं तेही शिकवलं. "माझ्यामागे ही खोली तुझीच," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. ते एवढ्यांदा म्हणून झालं होतं की घाईच्या मनाने कधीच तिथे बस्तान मांडलं होतं. टेबल खिडकीकडे सरकवायचं, हेसुद्धा ठरलेलं.

बाईंचं निवृत्तीचं वर्ष आलं. आणि एक दिवस त्या सहज म्हणाल्या, "मालकांना विचारलं मी, आणखी तीन वर्षं थांबते म्हणून. हो म्हणाले. घरात बसून काय करू गं? आणि हात चालतोय तोवर चालतोय."

"बरं झालं की," घाई म्हणाली.

हाता-तोंडाशी आलेला घास होता. तीन वर्षांनी आपण केवढ्या असू, डोळे कसे असतील, मालक तोवर कुठल्या शिकलेल्या पोरीला आणून बसवेल, याचा हिशोब ती भांडी घासताना करू लागली. नवऱ्याशी बोलली नाही. तो त्याच कारखान्यात मशीनदुरुस्तीला होता, सरळ माणूस. त्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, तीन वर्षं काय, बघता बघता जातात.

पुढे जे झालं ते एका सकाळी झालं. नवरा जिन्यात भेटला, हातात पाने-पक्कड, घाईत. इस्त्रीच्या मजल्यावर वाफेचा पाइप फुटला होता.

"मोठ्या बाईंना सांग, कटरच्या गार्डचा स्क्रू गेलाय. गार्ड आपोआप वर जातोय, पातं उघडं पडतं. मी नवा स्क्रू घालेपर्यंत हात लावू नका म्हणावं. विसरू नकोस."

"सांगते," ती म्हणाली. आणि सांगायलाच गेली. हे खरं आहे, ती सांगायलाच गेली होती.

बाई थरांवर वाकून खडूने आखत होत्या. भोवती नव्या पोरी उभ्या. घाईची चाहूल लागली तशा मान वर न करता बोलल्या, "काल कॉलरच्या दोन टोकांचं एकमेकांशी जमलेलं नव्हतं गं. एक टोक पूर्वेला, एक पश्चिमेला. नावाला जागलीस." पोरी हसल्या. बाईही हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, बाई असंच बोलायच्या.

घाईने ओठ मिटले. कटर चालू करतील, पातं थडथडेल, महागाचं कापड फाटेल. मालक येईल, बघेल, म्हातारीचा हात आता चालत नाही म्हणेल. एवढंच तिच्या मनात आलं. कापड फाटेल, इतकंच. निदान पुढे कित्येक दिवस ती स्वतःला असं सांगायची, आणि ते कधी खरं वाटायचं, कधी वाटायचं नाही. ती वळली आणि आपल्या ओळीवर जाऊन बसली.

किंकाळी बाईंची नव्हती, बाजूच्या पोरीची होती. बाई नुसत्या खाली बसल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्ध्यातून.

नवरा धावत आला तेव्हा नवा स्क्रू त्याच्या मुठीतच होता. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. बाई हं म्हणाल्या."

शब्द कोणी शिकवून ठेवल्यासारखे बाहेर पडले. मालकाला तेच हवं होतं. सूचना मिळूनही बाईंनी ऐकलं नाही, असं ठरलं. कारखान्याने दवाखान्याचा खर्च केला आणि बाकीच्या जबाबदारीतून अंग काढून घेतलं. काचेची खोली घाईला मिळाली.

आणि खोटं कशाला बोला, तिने काम चांगलं केलं. कापड वाया जाणं कमी झालं, माल वेळेवर निघायला लागला. टेबल खिडकीकडे सरकवलं. कोणी आता 'घाई' म्हणेना, सगळ्या 'मॅडम' म्हणू लागल्या. सासूने शेजारणींना सांगून सांगून त्यांचे कान किटवले.

महिन्याभराने कारखान्यातल्या बाया मोठ्या बाईंना भेटायला निघाल्या. न जाऊन कसं चालेल, म्हणून हीदेखील गेली. बाकीच्या चहाची भांडी उचलायला उठल्या तशी बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

"तू सांगितलं होतंस म्हणे मला, गार्डचं."

तिने बशीतला कप उगाच सरळ केला.

"मी रोज आठवून बघते. तू आलीस ते आठवतं. मी कॉलरवरून बोलले ते आठवतं. हे तेवढं आठवत नाही. डोकंच चालेनासं झालंय बघ. मुलगी आता मला गॅस पेटवू देत नाही, एकटीला रस्त्यावर सोडत नाही. तिचंही बरोबर आहे. एवढी मोठी गोष्ट विसरले, आणखी काय विसरेन कोण जाणे." आणि मग, "तुला राग नाही ना आला? तू आपली सांगून गेलीस, आणि मी अशी."

बोटं गेली ते तिने कसंबसं पचवलं होतं. हे पचलं नाही.

त्यानंतर तिला एक खोड लागली. सांगितलेलं पुन्हा सांगायची. कटिंगवरच्या पोरीला म्हणायची, "काय सांगितलं मी? बोलून दाखव." पोरगी बोलून दाखवायची. चार पावलं जाऊन ही परत यायची. "पुन्हा बोल." पोरी आधी घाबरल्या, मग पाठीमागे नकला करायला लागल्या. घरी सासूला प्रत्येक पायरीपाशी अडवायची, "पायरी आहे, जपून."

"अगं, मला माहीत आहे पायरी आहे," सासू म्हणायची. "तुझ्या आधी तीस वर्षं मी हीच चढतेय. माझी तिची जुनी ओळख आहे."

पण ओळखीने काही थांबलं नाही. रस्त्यात अनोळखी बायकांना धरून ही सांगायची की तुमची पिशवी फाटलीये, तुमच्या मुलाची नाडी सुटलीये. नसायचीही सुटलेली. एक दिवस तिने भर कामात अख्ख्या मजल्याची वीज तोडली आणि प्रत्येक मशीनचा प्रत्येक स्क्रू नवऱ्याकडून तपासून घेतला. मालकाने आपल्या ऑफिसात बोलावून दम भरला. ती उभी राहून ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "तुमच्या खुर्चीचा पाय सैल आहे."

नवरा मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. इतके दिवस त्याने कान बंद ठेवले होते. त्या संध्याकाळी सासू शेजारी गेलेली असताना तो तिच्यासमोर येऊन बसला.

"त्या दिवशी तू सांगितलं नव्हतंस." हा प्रश्न नव्हता.

ती लगबगीने उठली आणि चपला शोधायला लागली. "सांगते. आता जाऊन सांगते. त्यांनी अजून चालू केलं नसेल."

त्याने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी तो तिचा डोळा चुकवून एकटाच कारखान्यात गेला तर ही मागोमाग पोचलीच. चालू कटरवरच्या पोरीला 'बाई' अशी हाक मारून तिने तिचा हात खसकन ओढला. पातं पोरीच्या बाहीतून गेलं. कातडीला लागलं नाही, हे पोरीचं नशीब. काचेची खोली त्याच दिवशी गेली. नंतर कोण आलं, कोणाला ठाऊक. तिनेही कधी विचारलं नाही.

नवऱ्याला दुसरं काही सुचेना. तो तिला घेऊन मोठ्या बाईंच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "हिला काही सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. जिना, निरोप, कॉलर, पोरींचं हसणं, खुर्ची. काही लपवलं नाही. एकाही शब्दाची चूक झाली नाही.

बाई आधी तिच्याकडे वळल्याच नाहीत, मुलीकडे वळल्या. "ऐकलंस? मी विसरले नव्हते." त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता तसा मोकळा झाला होता. "माझं डोकं ठीक होतं. ऐकलंस ना तू?"

मग त्यांनी घाईकडे पाहिलं. "पोरी, मागितली असतीस तर दिली असती गं खोली," त्या म्हणाल्या. आणि नवऱ्याला, "ने तिला घरी."

सांगून टाकलं की माणूस हलकं होतं म्हणतात. तिचं तसं झालं नाही. दोन दिवसांनी ती पुन्हा बाईंच्या दारात उभी. पुन्हा तेच सगळं, पहिल्यापासून. बाईंनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी परत. मुलगी म्हणाली, तुम्ही सांगितलंय आम्हाला. तर ही म्हणाली, "नाही, नाही सांगितलं. तेच तर." शेवटी बाईंनी दार उघडायचं बंद केलं. ती बंद दारालाच सांगायची, शेजारचे बघत राहायचे, आणि नवरा कामावरून तसाच येऊन तिला घेऊन जायचा.

तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. गोळ्यांनी बोलणं थांबलं, बोलण्याबरोबर घाईही गेली. एक चमचा तोंडाशी न्यायला तिला युग लागायचं. सासूनेच शेवटी लेकाला म्हटलं, "आण तिला घरी. तिथे कोण आहे तिचं?" म्हातारीने तिला भरवलं, तिची वेणी घातली, आणि आपल्या सुनेने काय केलं हे ठाऊक असून कधी तोंडातून काढलं नाही.

एकदा बाजारात नवऱ्याला मोठ्या बाई भेटल्या. एकट्याच आल्या होत्या, डाव्या कोपराला पिशवी अडकवलेली. त्याने वाट बदलायला पाऊल उचललं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"जेवते का ती?" बाईंनी विचारलं.

"जेवते."

"झोप?"

"लागते, गोळीने."

बाईंनी मान हलवली. आणखी काही विचारतील म्हणून तो थांबून राहिला. पण त्या भाजीवालीकडे वळल्या आणि उजव्या हाताने एकेक वांगं उचलून, दाबून बघू लागल्या.