संक्रांतीचे हातपंखे

पळस्प्याच्या आमच्या सत्यवतीकाकूंना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बसल्याजागी घाम फुटू लागला. "असलं चारचौघींत बोलायचं नाय," मोठ्या जाऊबाईंनी दटावलं. पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या! तडक पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पाळी जायच्या वयात असं होतं, त्यावर औषधही आहे, हे त्यांना तिथे कळलं. "मंग गावात मला एकटीलाच कसं?" हा प्रश्न मात्र राहिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण म्हणून हातपंखे लुटले. "थंडीत पंखे?" बायका हसल्या. कोण वारा घेतंय, ते काकू बघत राहिल्या. सहाजणी सापडल्या. सगळ्यांत जोरात हलत होता तो जाऊबाईंचा पंखा.

काकू हळूच त्यांच्या शेजारी सरकल्या. "सोमवारी पनवेलला येता ना?"