बर्फातला म्हातारा

माझ्या धाकट्या भावाला घरीदारी सगळे मुंग्या म्हणतात. लहानपणी न्हाणीत मुंग्यांची रांग दिसली की हा आंघोळ सोडून बसायचा आणि कागदाच्या कपट्यावर एकेक मुंगी उचलून खिडकीबाहेर सोडायचा. दाराबाहेर मी टॉवेल घेऊन तिष्ठत उभी, शाळेची घंटा होऊन गेलेली. आईला कोण कौतुक! "किती मऊ मनाचं पोर," म्हणायची. आई गेली, कौतुक मात्र मागे राहिलं. आता चौतीस वर्षांचा घोडा झालाय, तरी लोक म्हणतात, "मुंग्या ना? तो कुणाचं वाईट करायचाच नाही." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही तिघंही एकाच कारखान्यात होतो. गणवेश शिवण्याचा कारखाना. मी बाह्या जोडते. सतरा वर्षं झाली, अजून अख्खा कोट काही माझ्या हातून शिवून झालेला नाही. मुंग्या सुपरवायझर. आणि बाबा कटिंग मास्तर. कापडाचे चाळीस चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून कापायचं मशीन फिरवायचं. तेहतीस वर्षं बाबांनी हेच केलं. मालक नव्या माणसांना बाबांनी कापलेली थप्पी दाखवायचे. "कडेवरून बोट फिरवा," म्हणायचे, "एक तरी थर बोटाला लागतोय का बघा."

सहा महिन्यांपूर्वी एका दवाखान्याच्या कोटांच्या बाह्या दोन बोटं आखूड निघाल्या. ऐंशी कोटांच्या. माझ्याच मशीनवर आल्या, म्हणून मीच पहिल्यांदा ओरडले. मालक आले, टेबलावरचा फर्मा घेतला, बाही त्यावर ठेवली. दोन बोटं कमी. फर्मा बरोबर, म्हणजे हात चुकला. मुंग्या शेजारी उभा होता. मान खाली घालून हळूच म्हणाला, "खालची रेघ वर ओढली गेली असणार. बाबांचा हात हल्ली थरथरतो जरा."

मला वाटलं, पोराला काय जड गेलं असेल हे बोलायला! मूर्ख मी.

एखाद्या जुन्या शेजाऱ्याने चोरी केली असं कुणी सांगावं, तसे बाबा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी बसा म्हणून सांगितलं. फाटकापाशी मुंग्या घुटमळला, तर बाबा त्याला म्हणाले, "तू पुढे हो, मी येतो मागून." आमच्या पाठी त्यांना डोळे पुसायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक उद्योग धरला. सकाळी वर्तमानपत्राच्या पानावर पट्टीने रेघ ओढायची, कात्रीने कापायची, खिडकीच्या उजेडात धरून बघायची. मग दुसरी. मला हाक मारायची, "बघ गं, इथे हलला का?" हलला नव्हता. पहिले दोन महिने एकदाही हलला नाही. पण जो माणूस दिवसभर आपल्या हाताकडे संशयाने बघत बसेल, त्याचा हात किती दिवस धीर धरील? तिसऱ्या महिन्यात कडा वाकड्या यायला लागल्या. बाबा म्हणाले, "बघ, खरंच होतं तुझ्या भावाचं." आणि हाताला अशा शिव्या घातल्या, ज्या त्यांनी आम्हाला कधी दिल्या नाहीत.

याच काळात मुंग्याने टीव्हीला जोडायचा गेम आणला. संध्याकाळी कारखान्यातून आला की पुढच्या खोलीत पाय पसरून बसायचा. डोंगरापलीकडच्या गावाला औषधं पोचवायची, बर्फातून, माणसं आणि घसरगाड्या घेऊन, असा तो गेम. मला त्यात रस नव्हता. एवढंच दिसायचं की हा बोटं नाचवतोय आणि बाबा आतल्या खोलीत कागद कापताहेत.

मग एका आठवड्यात मुंग्यासाहेबांचं अन्न तुटलं. ताटावर बसायचा, दोन घास खायचा, उठायचा. डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, कारखान्यात काही झालं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पुढ्यात जाऊन बसले आणि टीव्ही बंद केला.

"काय झालंय ते बोल. नाहीतर उद्यापासून ताट वाढणार नाही."

"ताई, तू हसशील."

"हसण्यासारखं असलं तर हसेन."

तर झालं होतं ते असं. त्याच्या गेममध्ये एक म्हातारा हमाल होता. खिंडीत वादळ आलं. एक पेटी टाकायची किंवा म्हाताऱ्याला मागे ठेवायचं. याने पेटी सोबत घेतली आणि म्हाताऱ्याला मागे ठेवलं. म्हातारा तक्रारही करत नाही, नुसता म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मी येतोच मागून. पुढच्या मुक्कामाला बाकीचे विचारतात, म्हातारा कुठाय? याने उत्तर निवडलं, तो आपणहून थांबला.

"आता प्रत्येक मुक्कामाला ते लोक त्याची आठवण काढतात गं," मुंग्या म्हणाला, आणि चक्क रडायला लागला. "मी पुन्हा पहिल्यापासून खेळलो. तीनदा. तिन्ही वेळा त्याला पार नेलं. तरी मला पहिला तोच दिसतो, बर्फात बसलेला. मन खातंय मला, ताई."

मी हसले नाही. माझं डोकंच फिरलं. आत स्वतःचा बाप कागदाच्या पट्ट्या कापून कापून अर्धा झाला, त्याच्यासाठी याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, आणि टीव्हीतल्या हमालासाठी हा गळा काढतोय!

"अरे मेल्या," मी म्हटलं, "जो नाहीच त्याला तीनदा डोंगर ओलांडून दिलास. आत बसलेत त्यांच्याजवळ कधी पाच मिनिटं तरी बसलास?"

त्याचं रडणं एकदम थांबलं. चेहरा असा पडला, जसा चोर सापडल्यावर पडतो.

"काय केलंयस तू?" मी विचारलं.

मग बाहेर आलं. कुठला फर्मा द्यायचा ते सुपरवायझर ठरवतो. मास्तर मिळेल त्यावरून कापतो, फर्म्याला प्रश्न विचारत नाही. मुंग्याने त्या दिवशी कपाटातून आधीच्या ऑर्डरचा, लहान मापाचा बाहीचा फर्मा काढून दिला होता. मी ओरडले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मालक खाली यायच्या आत लहान फर्मा कपाटात गेला आणि बरोबर तो टेबलावर आला.

म्हणजे नुसती चूक नाही. केसाने गळा कापला, तोही बापाचा.

"माझी नोकरी गेली असती, ताई. बाबांचं वय झालंच होतं..."

"एक अक्षर पुढे बोललास तर याद राख! मुंग्या सोडत होतास ना खिडकीबाहेर? सोपं असतं ते. मुंगी काही तुझी नोकरी मागत नाही. आता ऊठ. आत जाऊन सांगतोस, का मी सांगू?"

"उद्या सांगतो."

"आत्ता."

दंडाला धरून मी त्याला आत नेलं, लाज नाही वाटली मला. बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, हातात कात्री. मुंग्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि अडखळत, नाक ओढत सगळं सांगितलं. निदान काही लपवलं नाही, एवढं त्याच्या पदरात टाकते. बाबांनी मधे थांबवलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"म्हणजे मी कापलं ते रेघेवर होतं?"

"अगदी रेघेवर, बाबा."

"आणि रेघ?"

"तीही बरोबर होती. फर्माच चुकीचा होता. बाबा, मला माफ करा."

बाबांनी कात्री खाली ठेवली आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. हात थरथरत होता, बोटंसुद्धा.

"माझी नको मागूस," बाबा म्हणाले, "याची माग. तू म्हणालास तेव्हा हा थरथरत नव्हता. सहा महिने मी याच्यावर संशय घेतला, याला शिव्या घातल्या."

मुंग्याने तो हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. धरूनही थरथर थांबत नव्हती. दुसऱ्या कुणाला मुंग्याची दया आली असती. मला नाही आली, आजही येत नाही.

सकाळी मुंग्या लवकर तयार झाला. मालकांना सगळं सांगणार म्हणाला, नोकरी गेली तर गेली. बाबांच्या चपला त्याने दाराशी नीट जोडून ठेवल्या होत्या.

"चला ना बाबा. तुमच्यासमोरच सांगतो. मालक परत बोलावतील तुम्हाला."

बाबांनी चपलांकडे बघितलं, मग मांडीवरच्या हाताकडे.

"तू पुढे हो," ते म्हणाले.

मुंग्या उंबरठ्यावर थांबून राहिला, पुढचं ऐकायला. मागून येतो, असं काही बाबा म्हणाले नाहीत.