मामांची मोटार आणि टॉवेलाखालचा सौदा

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जातं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. साहेबांची चप्पल वाजली तरी माझी बेरीज चुकते. पण साहेब परवडले. खरी भीती वाटते ती दोघींची, बायकोची आणि मामीची.

मामा गेले तेव्हा भवानी पेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची जुनी मोटार उभी होती. (उभी म्हणायचं ते मनाच्या मोठेपणानं.) कित्येक वर्षं मामा दर रविवारी तिच्याखाली आडवे होऊन ती 'पुरी' करत होते. दोन दारं बसली होती, दोन यायची होती. आतल्या सीट नव्हत्याच. इंजिन सोलापुरी चादरीत गुंडाळून देवघराशेजारी ठेवलेलं, मामी रोज त्यालाही हळदकुंकू लावायची. आणि चौथं चाक तांदळाच्या पिंपाचं झाकण दाबून बसलेलं!

मामी आता मुलीकडे हैदराबादला निघाली होती. कपाटं, पलंग, भांडी, सगळं विकायला काढलेलं. गाडीचा भाव ठरवायला तिनं मला बोलावलं. मामी माहेरची वळसंगची. तिचा आवाज शेतातून थेट शहरात आलाय, वाटेत कुठे कमी झालेला नाही.

"बाळू, तू शिकल्याला हाईस. मामाच्या गाडीला कमी भाव आला तर मला त्वांड दावू नगंस," ती म्हणाली. "आन् न्हाईच खपली तर तुज्या दारात आणून लावीन. ल्हानपनी तूच तिच्यात बसून पोंपों करायचास की."

घरी हे बायकोला सांगितलं तेव्हा सुनीता पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "ते धूड दारात आलं तर तुम्ही त्यातच झोपायचं," एवढंच ती म्हणाली आणि लाटणं पुन्हा सुरू झालं. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, म्हणून मला घाम फुटला.

मोबाइलवर भाव शोधले. तसलीच गाडी चकचकीत असेल तर लाखांत जाते आणि भंगारात घातली तर किलोवर. आमची गाडी या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकली होती. मीही.

रविवारी पोचलो तर अंगणात निम्मी पेठ आणि सगळे भाऊबंद हजर. मामीच्या शेजारी इलाहीभाई बसलेले. ट्रान्सपोर्टचा धंदा, मामांचे जुने दोस्त, वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. गाडीच्या सौद्याला आलेत, असं मामीनं सांगितलं. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक आलं, सुटलो! आणि त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.

भाऊबंदांना आकडा कळता कामा नये म्हणून मामीनं फर्मान काढलं, बैलाचा सौदा होतो तसा हा टॉवेलाखाली होणार. मामांनी स्वतःच्या हातमागावर विणलेला एक जाडजूड टॉवेल तिनं आमच्या हातांवर टाकला.

"एक बोट म्हंजे धा हजार. जेवडी बोटं धरशील तेवडा भाव. तोंडानं बोलायचं न्हाय. ठरवा आता तुमी दोघं."

कमी धरावीत तर मामी, जास्त धरावीत तर गिऱ्हाईक पळणार आणि मग सुनीता. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांची तीन बोटं धरली. इलाहीभाईंनी मान हलवली आणि माझी चार बोटं धरली.

मी चक्रावलो. घेणारा माणूस स्वतःहून भाव वाढवतोय! मामी बघत होती. मी धीर करून पाच धरली. इलाहीभाईंनी डोळे मोठे केले. मला वाटलं, गळाला लागले. मग मी पंजा दाबून सोडला आणि वर आणखी दोन बोटं दाबली. भीतीनं माणूस इतका शूर होतो, हे मला माहीत नव्हतं.

इलाहीभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी टॉवेल उचलून झटकला. सौदा पक्का झाला. त्यांनी मामीच्या कानात आकडा सांगितला आणि मामीचा हात गालावर गेला. माझी छाती फुगली.

"तो भाचेमियाँ," इलाहीभाई म्हणाले, "गाडी कब ले जाते?"

"मी? घेताय तर तुम्ही."

"मैं कां लेतूं? मैं तो तुमारी मामी की तरफ से बैठा. मेरे कू बोले, भाचा गाडी देखने आरा. तीन से तुमीच सात पे गए. मैं तो चारपेच राजी था."

अंगण फिरायला लागलं. म्हणजे मामीनं दोघांना मिळून भाव ठरवायला बसवलं होतं आणि आम्ही एकमेकांना गिऱ्हाईक समजून सौदाच करून बसलो होतो! नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामीनं पदर डोळ्याला लावला. तिला रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

"ह्ये म्हनायचे, बाळू पुरी करंल माजी गाडी," ती म्हणाली. "मीच हसायची त्येन्ला. घेतलीस न्हवं?"

"व्हय मामी," मी म्हणालो.

संध्याकाळी टेम्पोतून गाडी दारात उतरली. मांडीवर चौथं चाक धरून मी पुढे बसलो होतो. सुनीतानं आत जाऊन माझी उशी आणली आणि बॉनेटवर ठेवली.

मामांची गाडी पुरी करायचं काम मी आता मनावर घेतलंय. लोक आधी इंजिन बसवतात. मी आधी मागची सीट बसवून घेतली.