बाईची मडकी

मडकं घेताना बाई आधी ते कानाशी धरायची आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. एक ठोकून झालं की दुसरं. कुंभार वैतागायचा. "बाई, पानी ठेवाचं नाई, दही लावाचं नाई, मंग येवढी पारख काऊन?"

"ज्याचं हाये त्याले धड पोचलं पायजे ना," बाई म्हणायची, आणि तिसरं मडकं उचलायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हुद्दा सगळ्यात खालचा आणि आब मात्र मामलेदाराचा. आमच्या दवाखान्यात ती आया होती. सगळे तिला बाई म्हणत, आणि हजेरीपटावर नाव माझ्या हातानं लिहीत असूनही मीदेखील बाईच म्हणायचो. गडचिरोली, चांदा असे वेगळे जिल्हे तेव्हा नव्हते, सगळा एकच चांदा जिल्हा. त्यातल्या जंगलाच्या कडेच्या एका तहसिलीच्या गावी आमचा सरकारी दवाखाना होता. आठ लोखंडी खाटा, एक डॉक्टर, आणि मी कंपौंडर. नर्सची जागा वर्षभर रिकामी होती, कारकुनाची त्याहून जास्त दिवस, म्हणून कागद लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. बाई हंगामी होती. सहा वर्षं ती हंगामीच होती.

आता मडक्यांचं सांगतो. आमच्या भागातल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायला राजी नसत. सुईचं भय होतं, परक्या पुरुषाची लाज होती, पण खरी अडचण वेगळीच होती. मूल झाल्यावर वार पडते, ती आपल्या घराच्या अंगणात पुरायची अशी रीत. शेतकरी घरांत होती, आणि रानातल्या गावांत तर फारच कडक. वार जिथं पुरली तिथलं ते मूल. डॉक्टरांचा नियम सरळ होता, वार मागच्या चुन्याच्या खड्ड्यात. म्हणजे मूल दवाखान्याचं झालं की काय! बायका घरीच अडायच्या, आणि काही मरायच्या.

बाईनं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. वार कोऱ्या मडक्यात ठेवायची, वरून राख आणि मीठ, तोंडावर पळसाची पानं, आणि मडक्याच्या गळ्याला त्या बाळंतिणीच्या अंगावरच्या लुगड्याची एक पट्टी. ही पट्टी ती दातानं फाडायची. मडकी सामानाच्या खोलीत, फिनेलच्या डब्यांमागे. घरी जाताना ज्याचं मडकं त्याच्या हातात. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो, आणि त्यालाच शहाणपण समजायचो.

एकदा मी म्हटलं, "बाई, पट्टीपेक्षा चिठ्ठी बांधा. मी नावं लिहून देतो."

"आन् वाचन कोन, तूच ना?" ती म्हणाली. "तू रजेवर गेला की मी काय करू? लुगडं तं मले बी समजते."

मी लेखणी खिशात ठेवली. तिच्याशी बोलताना बहुतेक वेळा असंच व्हायचं.

आमचं पहिलं मूल व्हायचं होतं तेव्हा बायकोची आई हयात नव्हती, म्हणून माहेरचा प्रश्न मिटलेला होता. बाईनं मला न विचारता ते खातं स्वतःकडे घेतलं. सातव्या महिन्यापासून ती रोज संध्याकाळी आमच्या क्वार्टरवर यायची, ओट्यावर बसून यादी सांगायची. जुनी पातळं आण, चारपाच, मऊ झालेली. उकळून उन्हात वाळव. नवं कापड आणू नोको, नवं लेकराले टोचते. ओवा, बाळंतशेपा, डिंक. जवसाचं तेल. कुंची तूच शिव पोरी, हात रिकामा ठेवला का भेव घर करते. आणि माझ्याकडे वळून, "तू नुसता उभा नोको राहू भाऊ, पानी आन." मी सरकारी कर्मचारी, तिच्याहून दोन पायऱ्या वर. मी पाणी आणायचो.

कार्तिकात बायकोला दाखल केलं. त्याच दिवशी दुपारी रानाकडून एक बैलगाडी आली. त्या गावातून आजवर एकही बाई दवाखान्यात आली नव्हती, दोन मात्र घरी अडून गेल्या होत्या. गाडीत एक कोवळी गोंड पोर, तिचा नवरा, आणि सासू. या सासूला बाई गेलं वर्षभर आठवडी बाजारात गाठत होती. म्हातारी चारोळी विकायला बसायची आणि बाई तिच्यासमोर ठाण मांडायची. "तुह्या घरची कोनतीच चीज इथी राहनार नाई. वार तुह्या हातात देईन. मी देईन," असं तिनं वचन दिलं होतं. तेवढ्या एका वचनावर ती गाडी आली होती.

नदी ओलांडताना पोरीचं लुगडं भिजलं होतं आणि दुसरं नव्हतं. बाईनं आमच्या पातळांच्या गठ्ठ्यातलं हिरवं ओढून तिला नेसवलं. बायकोच्या अंगावर कत्थई, गडद तांबूस होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दोघी मोकळ्या झाल्या. तिला मुलगा, आम्हाला मुलगी. डॉक्टर घामानं निथळत बाहेर आले आणि सरळ विहिरीवर गेले. बाई म्हणाली, "दोघी बी जित्या हायेत, लेकरं बी." आनंदाची बातमी सांगायची तिची हीच पद्धत होती.

माझी मुलगी पहिले दोन दिवस मला सोललेल्या रताळ्यासारखी दिसली. मी तसं बोललो आणि बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बाई मात्र तिला पायांवर आडवी घेऊन तेल लावायची, कान ओढायची, नाक चिमटीत धरायची, आणि तोंडानं एकदाही गोड म्हणायची नाही. नजर लागते म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी जायला निघाली. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, ती ऐकेना. बाईनं तिच्या हातात मडकं दिलं. त्याच दिवशी डॉक्टर सामानाची खोली तपासणार होते, म्हणून आमचं मडकंही तिनं पदराआड लपवून माझ्याकडे दिलं. मी ते क्वार्टरच्या मागं कोपऱ्यात ठेवून दिलं आणि विसरलो.

चौथ्या दिवशी बाई मुलीला तेल लावत होती. मी बायकोची करमणूक करावी म्हणून सांगितलं, "आपल्या घरी एक पाहुणा आलाय. काळं मडकं, गळ्यात हिरवी पट्टी, नवरदेवासारखा."

"हिरवी कशी?" बायको म्हणाली. "हिरवं तर तिनं नेसलं होतं."

बाईचा हात थांबला. "हिरवी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "हिरवीच ना?"

झालं ते असं. जाताना त्या पोरीनं स्वतःचं वाळलेलं लुगडं नेसलं होतं, विटलेलं, तांबूस. आमचं हिरवं पातळ धुऊन बायकोच्या खाटेच्या दांड्यावर टाकलेलं होतं. बाईनं घाईत एक नजर खाटांकडे टाकली, आणि फिनेलच्या डब्यांमागच्या अंधारात तांबूस लुगड्याला कत्थई पट्टी जुळवली. आमच्या मुलीची वार नऊ कोसांवर गेली होती, आणि त्यांच्या मुलाची माझ्या क्वार्टरमागं होती.

बाईनं मुलीचं अंग पुसलं. दुपट्यात गुंडाळली. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मान धर." मग ती बाहेर गेली. मी मुलगी बायकोकडे देऊन मागं धावलो. ती क्वार्टरच्या मागून मडकं घेऊनच येत होती.

"बाई, त्यांना काय कळणार आहे?" मी म्हणालो. "एक वार काय आणि दुसरी काय."

"त्यायले नाई कळनार. मले कळलं ना."

"सांगितलंत तर त्या गावातून पुन्हा कुणी येणार नाही. वर्षभर तुम्ही त्या म्हातारीपुढं बसलात, ते सगळं पाण्यात."

तिनं मडकं खाली ठेवलं. मला वाटलं, पटलं. "हो," ती म्हणाली, "नाई येनार." आणि मडकं कमरेवर घेऊन रानाच्या वाटेला लागली. रजेचा अर्ज करता आला असता, पण अर्जात कारण लिहावं लागलं असतं.

नेमक्या त्याच दोन दिवसांत एक अडलेली बाई आली. डॉक्टरांच्या हाताखाली कुणीच नव्हतं. मी कंदील आणि भांडी धरून उभा राहिलो आणि चुकीची भांडी पुढं करत राहिलो. बाळंतीण वाचली, पण डॉक्टरांचा पारा उतरला नाही. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी मला हुकूम लिहायला सांगितला. न कळवता गैरहजर, सबब कामावरून कमी. त्यांना खरं काय ते सांगायला मला तोंड होतं. पण मडक्यांची गोष्ट निघाली असती, आणि मला ती आधीपासून ठाऊक होती हेही निघालं असतं. मी हुकूम लिहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, कमरेवर मडकं, कत्थई पट्टीचं. म्हातारीनं दारापाशी पुरून वर दगडही ठेवला होता. बाईनं अंगणात उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे, हे तुमचं नाही. म्हातारीनं दगड बाजूला केला. मुलाच्या बापानं उकरून काढलं, दुसरं पुरलं. बाईला कुणी बस म्हटलं नाही. निघताना एका द्रोणात आंबील मिळाली.

"आता ते लोक नाई येनार, भाऊ," ती म्हणाली.

मी तिला हुकूम वाचून दाखवला. तिनं अंगठा उठवला, शाई लुगड्याला पुसली. "अक्षर बरं हाये तुह्यं," ती म्हणाली. मी म्हणालो, डॉक्टरांना सांगू का सगळं? ती म्हणाली, "नोको. माह्यं जाऊ दे. सांगितलं तं मडकी बंद होतीन." मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते. आमचं मडकं मी आजूबाजूला कुणी नाही ना बघून क्वार्टरच्या भिंतीजवळ पुरलं.

मडकी तरीही बंद झालीच. ठेवणार कोण? बाई मार्कंड्याच्या देवळाजवळ भावाच्या गावी गेली असं कळलं. दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या वेळी उत्तर आलं की ती तिथूनही गेली, वैनगंगेपलीकडे, कुठं ते भावाला माहीत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी, मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी फाटकाशी बैलगाडी थांबली. आत तीच म्हातारी, आणि तिची स्वतःची लेक, दिवस भरलेली, गाडीचा दांडा घट्ट धरून बसलेली. बाईचा अंदाज सपशेल चुकला होता.

"बाई कुठी?" म्हातारीनं विचारलं.

"नाही ती इथं. कामावरून काढलं."

"काऊन?"

"तुमच्या गावाला आली होती, म्हणून."

म्हातारीनं मान फिरवली. मग गाडीवानाला गोंडीत काहीतरी म्हणाली, आणि तो बैल वळवू लागला. आत पोरीनं कळ येऊन डोळे मिटले. मी पुढं होऊन जू धरलं आणि म्हणालो, "मडकं मी ठेवीन."

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चुकलं तं सांगशीन?"

मागून डॉक्टरांचा आवाज आला. ते व्हरांड्यात येऊन उभे होते. "कसलं मडकं?"

मी जू सोडलं नाही. तसाच मान वळवून त्यांना पहिल्यापासून सांगू लागलो. मडकी कशाची, पट्ट्या कशाच्या, बाई नऊ कोस का चालत गेली, तिला जाऊ नका असं कोण म्हणालं, आणि हुकूम लिहिताना कोण गप्प बसलं. म्हातारीला माझं भराभर बोललेलं मराठी किती कळलं कोण जाणे. डॉक्टर पायरी उतरून जवळ आले. माझं सांगून संपायच्या आधीच तिनं गाडीवानाला बैल सोडायला सांगितले.