चाचांनी फुंकलेला चेंडू

माझ्या पदवीवर सगळ्यांत मोठा हक्क कुणाचा असेल, तर तो अकोल्यात खोगिरं शिवणाऱ्या चाचांचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं. वडील मूर्तिजापूरकडे शेती करत आणि बैलांचे पट्टे चाचांकडून शिवून घेत, एवढीच ओळख. तेवढ्यावर चाचांनी मला शाळेसाठी दुकानामागची खोली दिली. तिथं माझी वेगळी चूल मांडून दिली. सहा वर्षांत ते त्या चुलीजवळ कधी आले नाहीत. घरात मटण शिजलं की मधलं दार लावून घ्यायचे. म्हणायचे, "पोराचा धरम सांभाळीन, अशी तुह्या बापाले जबान देली हाये."

माझी शाळा संपली तेव्हा अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला भलताच भाव आला होता. विलायती व्यापाऱ्यांचे साहेब अकोल्यात नि अमरावतीत तळ देऊन बसले होते. त्यांतल्या एकाकडे मी दुभाष्या म्हणून लागलो. मुंबईच्या कॉलेजसाठी त्याची शिफारसचिठ्ठी मिळावी, एवढंच माझ्या डोक्यात असे.

संध्याकाळी साहेब लोक गोदामामागच्या मैदानात एका लांबट चेंडूसाठी एकमेकांना चिखलात लोळवत. त्या खेळाला रग्बी म्हणतात, हे मला पुढे कळलं. एकदा त्या चेंडूचं कातडं वाळवीनं खाल्लं. साहेबानं तो माझ्या हाती दिला, सोबत कागदात गुंडाळलेली एक वाळकी, पिवळट पिशवी दिली आणि नवा चेंडू शिवून आणायला सांगितलं.

चाचांनी चेंडू हातात फिरवून पाहिला. "साहेबाच्या मुलखात कोंबड्या येवढाले अंडे देतात काय रे?"

मग जुनी शिवण उसवून त्यांनी चार पाकळ्या वेगळ्या केल्या. त्यांच्या मापानं खोगिराचं कातडं कापलं, भिजवलं, आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन सुयांनी, उलट्या बाजूनं शिवत आणलं. एका शिवणीत वीतभर फट ठेवली. तिच्यातून सगळं कातडं सुलटं केलं तेव्हा त्यांचे अंगठे लाल झाले होते. आता पिशवी कोमट पाण्यात मऊ करायची, फटीतून आत सारायची, तिच्या तोंडात चिलमीची नळी बसवून फुंकायचं, गाठ मारायची आणि वादीनं फट आवळायची, एवढंच उरलं होतं.

"हे थैली कायची हाय?" चाचांनी विचारलं.

"बकऱ्याची असंल."

"असंल नको. साहेबाले विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मी साहेबासमोर उभा राहिलो. ओला कापूस आणला म्हणून तो एका गाडीवाल्यावर ओरडत होता. एवढंही याला ठाऊक नाही, असं त्याला वाटलं तर चिठ्ठीचं काय होईल, या भीतीनं माझं तोंडच उघडेना. मी तसाच परत आलो.

"विचारलं काय?"

"विचारलं. बकऱ्याचीच हाय."

चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि नळी ओठांत धरली.

तिसऱ्या दिवशी साहेब चेंडूवर खूश झाला. चेंडू असा लांबट का, हे तो मला आपणहून समजावू लागला. आत डुकराचं मूत्राशय असतं, आणि तेच मुळी त्या आकाराचं असतं. मी मान हलवत राहिलो. काडतुसांच्या चरबीची गोष्ट आमच्याकडे अजून दबक्या आवाजात निघत असे. चाचांच्या कानावर हे गेलं तर? आणि त्यांच्याआधी मोहल्ल्याला कळलं तर? त्या दिवसापासून दुकानात कुणी नुसतं खाकरलं तरी मी दचकायचो.

तेवढ्यात अमरावतीच्या साहेबांनी आणखी दोन चेंडू मागवले. चाचा हरखून गेले. मी घाईघाईनं सांगितलं, "ह्या खेपेले साहेब सोता फुंकनार हाय."

चाचांचा हात थांबला. "काहून? माह्या फुंकीचा त्याले इटाळ होते काय?"

नाही म्हणावं तर खरं सांगावं लागत होतं. मी मापासाठी जुन्या पाकळ्या त्यांच्यापुढं सरकवल्या. नंतर कित्येक दिवस ते साहेबाचं नाव निघालं की तोंड फिरवत.

मला चिठ्ठी मिळाली, मी मुंबईला गेलो. चाचांना उर्दू अक्षरं लावून वाचता येत. माझं पत्र त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून मी तिथं ती लिपी शिकलो. तरी लिहायला घेतलं की पहिल्या ओळीवरच अडायचो. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मात्र लिहिलं, आणि पुन्हा न वाचता टपालात टाकलं.

"चाचा, सलाम.

मी पास झालो. पन हे पत्र त्याच्यासाठी नाही.

साहेबाच्या चेंडूतली थैली डुकराची होती. तुमी मले म्हनलं, साहेबाले विचारून ये. मी विचारलं नाही, आन विचारलं म्हनून सांगितलं. साहेबापुढं अडानी दिसाचं भेव वाटलं. माह्या शब्दावर तुमी तोंड लावलं. तिसऱ्या दिवशी मले खरं समजलं, तरी बोललो नाही. तुमच्या फुंकीले साहेबानं कधी नाव ठेवलं नाही. ते मीच रचलं होतं.

याच्यात तुमचा काहीच कसूर नाही. मौलवीले विचाराचं असंल तर माहं नाव सांगून विचारा.

सुटीत मी अकोल्याले येनार हाय. दुकानाच्या बाहेर उभा राहीन. आत बोलावाचं का नाही, ते तुमी ठरवा."