निळ्या शर्टाची बटणं

दादा अठराचा झाला आणि मतिमंद मुलांच्या शाळेनं सांगितलं, आता घरी ठेवा. बस्स, एवढंच! मग तीन वर्षं तो गॅलरीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला टाटा करायचा. खालची पोरं "ए हिरो, नाच ना" म्हणायची, आणि तो नाचायचा.

आईनं सगळं नाशिक पालथं घातलं. शेवटी नाशिकरोडला मोठ्या मुलांची कार्यशाळा सापडली, पणत्या रंगवायच्या, पाकिटं करायची, आणि एकच जागा रिकामी! अट काय, तर शर्टाची बटणं स्वतः लावता आली पाहिजेत.

शिकवायचं काम माझ्याकडे, मी सातवीत. मान खाली घालून दादाला स्वतःची बटणं नीट दिसायचीच नाहीत, चिडायचा. मग मला भारी आयडिया सुचली! बाबांचा ओझरच्या कारखान्यातला निळा शर्ट मीच अंगात घालायचे आणि त्याच्यासमोर उभी राहायचे. "लाव बटणं!" म्हटलं की हा गुडघ्यावर बसून खालून वर सटासट लावायचा. मग मी टाळ्या, तो टाळ्या. आई पोळ्या लाटता लाटता आतून विचारायची, "आली का रे?" "आली!" आम्ही दोघं ओरडायचो. त्याच्या स्वतःच्या अंगावर करून बघायचं राहूनच गेलं.

परीक्षेला कार्यशाळेच्या मॅडमनी पांढरा कोट घातलेला, उघडाच. "हं, लाव बाळा बटणं."

दादा उठला, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि खालून सुरू झाला.

"अहो, धरा याला! मुली आहेत इथे आमच्याकडे!"

तिसरं लावून दादानं टाळ्यांसाठी माझ्याकडे बघितलं. आईनं त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी खिडकीतल्या पणत्या मोजत राहिले.

मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, 'बायकांच्या अंगाला हात लावतो.' पुढे कुठेही गेलो की आधी तोच फॉर्म मागायचे, वाचायचे, आणि जागा नाही म्हणायचे.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये आईनं विचारलं, "कुठून शिकला गं हा असलं?"

"टीव्हीवरून," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी तिनं केबल काढायला लावली. दादा आठवडाभर काळ्या पडद्यासमोर बसून होता.

अजूनही बटण दिसलं की तो दोन्ही हात पाठीमागे लपवतो. आई लावते त्याची बटणं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.