खिडकीतली बैठक
मुलांनो, आज शेजारच्या फ्लॅटमधून पॉलिशचा उग्र वास आला आणि तुमची आत्या, माझी लेक, आठवली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते. ती घरांची अंतर्गत सजावट करायची. तिच्या व्यवसायाची एक संघटना होती; मला ती नुसती जेवणावळ वाटायची. मीटिंगहून ती परतली की मी चिडवायचे, "आज जेवायला काय होतं गं?" ती आजारपणात गेली तेव्हा भाईंदरमधलं एक घर अर्धवट राहिलं होतं. तिचं सामान आणायला मी तिथे गेले. सगळीकडे भुसा होता, थिनरच्या वासाने घसा धरत होता. संघटनेच्या अध्यक्षबाई राहिलेलं काम बघायला माझ्या आधीच आल्या होत्या. त्यांचं आणि आत्याचं कधीच पटलं नव्हतं. घरमालक त्यांना सांगत होता, "मॅडम तर गेल्या. ती खिडकीतली बैठक काढा, कपाट बसवा. आई काय, कुठेही बसेल." आत्याने ती बैठक त्याच्या म्हाताऱ्या आईसाठीच आखली होती, तिला बसल्याबसल्या खाडी दिसावी म्हणून. आई तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. "मलाही ती बैठक आवडत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण आमच्यातलं कुणी गेलं, तर त्याचं काम आम्ही त्याने आखलं तसंच पुरं करतो. कपाट हवं असेल तर आमच्यापैकी कुणीही येणार नाही." त्याने एकदा खिडकीकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "करा तसंच." बाहेर लिफ्टपाशी बाई मला म्हणाल्या, "काकू, ती फार भांडायची हो माझ्याशी," आणि लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. त्या घरातली आईही आता नाही. बैठक आहे.